घंटा झाली की उठायचं

वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थांना सगळी बाजारपेठ काटेवाले म्हणत असे. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी त्यांना शांततेचा शोध लागला. त्याआधीची सत्तावीस वर्षं त्यांची बायकोही शांतता शोधत होती, पण घरात काटेवाले असल्यामुळे तिला ती सापडली नव्हती.

काटेवाले बोलत. दाढी करताना बोलत, आंघोळ करताना मोरीच्या दाराआडून बोलत. दुकानदाराच्या काट्याचं झाकण उघडलं की आतली धूळ, दुकानदाराची तब्येत आणि जगाचं एकूण खालावलेलं वजन या तिन्ही विषयांवर बोलत. काटा शून्यावर येई, दुकानदार टेकीला येई.

मग एकदा त्यांना गावाबाहेरच्या कॅथलिक मठातून बोलावणं आलं. तिथले ब्रदर साबण बनवून विकायचे आणि त्यांचा काटा प्रत्येक वडीमागे दहा ग्रॅम खोटं बोलत होता. काटेवाले कामाला बसले. समोर एक म्हातारे ब्रदर तारेने साबण कापत होते. दुपारची घंटा झाली आणि ब्रदर उठून प्रार्थनेला गेले. तार अर्ध्या वडीत तशीच रुतलेली.

"अर्धी वडी गं! अर्धी!" काटेवाले घरी येऊन सांगत होते. "घंटा झाली की हातातलं काम आहे तसं टाकून उठायचं, अशी रीत आहे त्यांची. कामाचा मोह नाही, आपणच सगळं पुरं करू असा गर्व नाही. केवढी मोठी गोष्ट आहे!"

बायको म्हणाली, "तुम्ही आपल्या नळाचं काम सहा महिने तसंच टाकलंय. तुम्ही जन्मजातच संत दिसता."

काटेवाल्यांनी ते मनावर घेतलं नाही. मठाशी जोडलेली पाच-दहा संसारी माणसं होती. त्यांत एक दातांचे डॉक्टर होते, दोघी निवृत्त बहिणी होत्या. आपापल्या घरी राहायचं, आपापली कामं करायची, आणि जमेल तेवढ्या मठाच्या प्रार्थनेच्या वेळा आणि मौन पाळायचं. वर्षभर हे निभावलं की स्वतःच्या हाताने वचन लिहायचं आणि मठाच्या वेदीवर त्यावर सही करायची. काटेवाले त्यांच्यात सामील झाले. फक्त 'जमेल तेवढं' हे शब्द उच्चारले गेले तेव्हा ते बहुधा स्वतःच काहीतरी बोलत असावेत. त्यांनी मठाच्या घंटेचा आवाज फोनवर भरून आणला आणि दिवसाचे सात गजर लावले.

पहिले पंधरा दिवस बायको सुखात होती. इतक्या वर्षांत प्रथमच तिला घरातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. मग एका सकाळी दोघं मिळून कपाट सरकवत असताना घंटा झाली. काटेवाल्यांनी आपलं टोक शांतपणे जमिनीवर ठेवलं आणि प्रार्थनेला गेले. दुसरं टोक बायकोच्या पायाच्या बोटांवर होतं. भांडी अर्धी, कपडे वाळत घालणं अर्धं, गिऱ्हाइकाच्या काट्याचे स्क्रू अर्धे. भांड्यांच्या वेळी घंटा नेमाने होई. जेवणाच्या वेळी मात्र वर्षभरात एकदाही झाली नाही, याला दैवी योजनाच म्हणायचं.

बायकोने बहिणीला फोन लावला.

"अगं, दारू नाही, पत्ते नाहीत, नुसता गप्प बसतो," बहीण म्हणाली. "आणि तू तक्रार करतेस?"

"तुझ्याकडे पाठवते आठ दिवस."

"नको बाई! आमचं घर लहान आहे."

सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण वचनाला दहा दिवस उरले असताना त्यांची एकुलती एक मुलगी अचानक आली. लग्न होऊन दोन वर्षं झालेली, सासर सहा तासांच्या अंतरावर. एकटीच आली, एवढीशी पिशवी घेऊन. आल्यापासून ती आईशी फक्त हवापाण्याबद्दल बोलत होती. संध्याकाळी ती बाबांसमोर जाऊन बसली. आई स्वयंपाकघरात एकच कप चौथ्यांदा विसळत होती.

"बाबा, जरा बसा ना. आईला सांगितलं तर ती लगेच रडेल." तिने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "मला आता तिकडे राहायचं नाहीये, बाबा. गेल्या महिन्यात..."

घंटा झाली.

काटेवाले उठले. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून, आशीर्वाद दिल्यासारखं मंद हसून ते आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. वीस मिनिटांनी, आत्म्याने अगदी ताजेतवाने होऊन, ते बाहेर आले तेव्हा खुर्ची रिकामी होती. आई दारात उभी होती.

"गेली. सातची गाडी आहे म्हणाली. मी धरून ठेवत होते, तर म्हणे, राहू दे आई, काही नाही."

"मग काही नसेल."

त्यावर बायकोने त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेला मठातही उतारा नव्हता.

त्यानंतर मुलगी फोन उचलेना. रोज सकाळी 'मी ठीक आहे' एवढाच निरोप येई. आई तो वाचे, आणि ठीक असलेलं माणूस असं रोज कशाला कळवेल, या विचाराने दुपारपर्यंत अर्धी होई. पाचव्या दिवशी तिने पर्स उचलली आणि तडक मठ गाठला.

फाटकाजवळच्या खोलीत पाहुण्यांचं बघणारे ब्रदर साबणाच्या वड्यांना कागद गुंडाळत होते. मोठमोठ्याने गात होते, तेही बेसूर. इतक्या आवाजाच्या मठात नवऱ्याला शांतता कुठल्या कोपऱ्यात सापडली, हे तिला कळेना. तिने सगळं सांगितलं.

ब्रदरांचा हात थांबला. "ताई, घंटा झाली की आपलं काम टाकायचं. समोरचं माणूस नव्हे. आमचे एक ब्रदर अंथरुणावर आहेत. त्यांना भरवताना घंटा झाली तर काय मी चमचा घशात तसाच ठेवून जातो?"

"हे त्यांना सांगितलं होतं का?"

"एवढंही सांगावं लागतं, हे आम्हाला माहीत नव्हतं." त्यांनी कान खाजवला. "वचन पुढे ढकलू या का?"

"नको. मग वर्षभर ते त्यावरच बोलतील. नाहीतर वर्षभर त्यावर मौन पाळतील. दोन्ही मला झेपणार नाही. तुम्ही फक्त बोला त्यांच्याशी."

ब्रदर बोलले. काय बोलले कोण जाणे, पण त्या संध्याकाळी काटेवाले खरोखर गप्प झाले. हे गप्प बसणं वेगळं होतं. त्यात चेहऱ्यावर ते मंद हसू नव्हतं. त्यांनी मुलीला नऊ वेळा फोन लावला. मग तासभर खपून एक निरोप लिहिला. आधी तो पानभर होता. बायकोने डोकावून पाहिलं तोवर खोडून खोडून दोन ओळींचा उरला होता: 'मी ऐकायला बसलोय. वेळ तू सांग.'

उत्तर आलं नाही.

रविवारी काटेवाले कडक इस्त्रीचा शर्ट घालून मठात गेले. चर्चच्या दारात वचन देणाऱ्या पाच जणांची रांग लागली. त्यांनी फोन बायकोच्या हातात दिला. "चालू राहू दे," म्हणाले. मिस्साची, म्हणजे रविवारच्या उपासनेची, घंटा सुरू झाली, ऑर्गन सुरू झाला, रांग हलली, आणि बायकोच्या हातात फोन थरथरला.

मुलीचा.

आईचा अंगठा आपोआप त्या हिरव्या खुणेवर गेला. दहा दिवस तिने याचीच तर वाट पाहिली होती. पण फोन आला होता बाबांना. हे मान्य करायला तिला तीन सेकंद लागले आणि तिच्या मते तोच त्या दिवसातला सर्वांत मोठा त्याग होता. ती भर चर्चमध्ये रांगेत घुसली.

"तिचा?" काटेवाल्यांनी विचारलं.

"तिचाच. घ्या आधी!"

वरून घंटा वाजत होती. काटेवाल्यांनी वचनाचा कागद बायकोच्या हातात कोंबला, फोन घेतला आणि बाहेर पडले. दातांच्या डॉक्टरांची हनुवटी खाली आली, ती बराच वेळ तशीच राहिली.

खिडकीतून बायकोला ते दिसत होते. साबणाच्या खोलीच्या पायरीवर बसलेले, फोन कानाला, तोंड बंद. पाच मिनिटं, दहा, पंचवीस. मध्येच त्यांनी बाहीने डोळे पुसले. आत इतरांच्या सह्या झाल्या. काटेवाल्यांचा पुकारा झाला तेव्हा बायकोने उठून खिडकीकडे बोट दाखवलं आणि हळूच म्हणाली, "मुलीचा फोन आहे." मठाधिपतींनी मान डोलावली आणि पुढचं स्तोत्र सुरू केलं.

काटेवाले चाळीस मिनिटांनी आले.

"काय म्हणाली?"

"गुरुवारी येतेय. राहायला."

"अहो, पण झालं काय? त्याने हात उचलला का तिच्यावर? सासू काही बोलली? नोकरी...?"

"ती सांगेल."

"मी आई आहे तिची!"

"म्हणूनच. आईला मी स्वतः सांगणार, तुम्ही एक शब्दही बोलू नका, असं बजावलंय तिने. सुखरूप आहे. मैत्रिणीकडे आहे. एवढं सांगायची परवानगी आहे मला."

आयुष्यभर ज्याच्या तोंडात तीळ भिजला नाही, त्या माणसाला अखेर मौन साधलं होतं, आणि नेमकं आज! परतीच्या सबंध वाटेवर बायकोने गोड बोलून पाहिलं, भांडून पाहिलं, शेवटी रडूनही पाहिलं. काटेवाल्यांनी रुमाल दिला. माहिती दिली नाही. त्यांच्या मौनाचा एवढा राग तिला पूर्वी कधी आला नव्हता, आणि एवढा भरवसाही कधी वाटला नव्हता. हे दुसरं ती त्यांना मरेपर्यंत सांगणार नव्हती.

सहीविना राहिलेला कागद तिने पर्समध्ये घडी करून ठेवला. ब्रदर म्हणाले होते, पुढच्या खेपेला बघू.

घरी येताच दोघांनी मुलीची खोली आवरायला घेतली. आत वजनं, तारा, जुन्या काट्यांची झाकणं. ते सगळं काढून माळ्यावरचा जड लाकडी पलंग आणायचा होता. पलंग दारात तिरका अडकला आणि काटेवाल्यांच्या खिशात घंटा झाली. बायकोने सवयीने पाय मागे घेतले.

"पाय काय घेतेस? तुझ्या बाजूने उचल जरा," काटेवाले म्हणाले.

घंटा बराच वेळ वाजत राहिली, आणि मग आपली आपणच थांबली.