कमलबाईच्या चुलीवर

अणदूरच्या इरम्माचा रांधण्यात हातखंडा होता. कुणाच्या घरी कार्य निघालं की गूळ घालून शिजवलेल्या गव्हाच्या खिरीसाठी, हुग्गीसाठी तिलाच बोलावणं यायचं. मूलबाळ नव्हतं. घरात ती आणि किराणा दुकान चालवणारा नवरा शरणबसप्पा, दोघंच.

सत्तेचाळीसच्या दिवाळीनंतर शरणबसप्पांचं जेवण तुटलं. आधी अर्धी भाकरी उरायची, मग ताटच तसं परत यायचं. गळ्याची हाडं वर आली, अंगरखा खांद्यावरून घसरायला लागला. इरम्मानं त्यांना सोलापूरला नेलं. डॉक्टरांनी पोट चाचपलं, तिला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "कॅन्सरची गाठ आहे. पसरलीय. आता घरीच ठेवा."

घरी आल्यावर तिनं तिला येत होतं ते केलं. रांधत राहिली. खिचडी, शेवया, तुपातला शिरा. घास भरवायची आणि गिळेपर्यंत समोरून हलायची नाही.

उन्हाळ्यात निजामाच्या रझाकारांच्या भीतीनं गाव संस्थानच्या सरहद्दीपलीकडं, सोलापूरच्या बाजूला निघालं. शेजारच्या कमलबाईनं घराची किल्ली इरम्माच्या हातात ठेवली. "चला की वो अक्का, गाडीत जागा हाय."

"ह्यांना गाडीचे धक्के सोसायचे न्हाईत," इरम्मा म्हणाली.

गाड्या गेल्या. गल्लीत एकाही घरातून धूर निघेना.

एका सकाळी अंथरूण झटकताना उशाखालून फडकं पडलं. त्यात चावलेले घास होते, वाळून खडे झालेले.

"अवो, हे काय? म्या एवढं जीव लावून करते, आन् तुमी थुंकता?"

शरणबसप्पा भिंतीकडं बघत राहिले. "तू समोर उभी राहतीस. तुझ्यासाठी तोंडात घेतो. गिळवत न्हाय गं."

ती मागच्या अंगणात जाऊन रडली. दिवसभर बोलली नाही. त्या सुन्या गल्लीत दुसरं बोलायलाही कुणी नव्हतं.

म्हातारे हकीमसाब मात्र गाव सोडून गेले नव्हते. दुखणं थांबावं म्हणून अफूची गोळी द्यायला ते यायचे. इरम्मानं फडक्याची गोष्ट सांगितली. ते ओट्यावर टेकले.

"बेटी, भूक बीमारीनं नेली. तुझ्या हाताचा कसूर न्हाय. जबरदस्ती करू नको. मिठाच्या पाण्यानं तोंड धुवून दे. थंड काही मागितलं तर घोटभर दे, न्हाय मागितलं तर राहू दे. आन् फोडणीचा वास लांब ठेव, त्यानंच उलटी येती."

"खाल्लं न्हाय तर अंग कसं भरंल?"

"अंग आता भरणार न्हाय," ते हळूच म्हणाले.

त्या दिवसापासून इरम्मा कमलबाईच्या रिकाम्या घरातल्या चुलीवर स्वतःपुरतं करायची, तिथंच भिंतीला टेकून खायची, तोंड-हात धुवून परतायची. शरणबसप्पांना गार आंबील मानवली. कधी चार घोट, कधी नुसते ओठ ओले. अंग उतरतच गेलं; पण उलट्या थांबल्या आणि ते पुन्हा बोलायला लागले.

एका दुपारी त्यांनी विचारलं, "तू जेवतीस कुठं?"

"कमलबाईकडं."

"ती तर गेली ना?"

इरम्मा त्यांचं पांघरूण सारखं करू लागली.

"इथं बसून खा," ते म्हणाले. "गार भाकरीला कुठं वास असतो?"

तिनं भाकरी आणि शेंगांची चटणी आणली. ती खात होती आणि ते कुशीवर वळून बघत होते. "सावकाश," एवढंच म्हणाले.

श्रावणात ते गेले. लिंगायतांचे विधी करणारे जंगमस्वामीही गावाबरोबर गेलेले. हकीमसाब आणि मागं राहिलेल्या दोघा गड्यांनी शेतात खड्डा खणला. शरणबसप्पांना त्यात बसवलं; इरम्मानं स्वतः उतरून त्यांच्या गळ्यातलं इष्टलिंग त्यांच्या तळहातावर ठेवलं. अंग इतकं हलकं झालं होतं की सावरायला तिचा एक हात पुरला.

भादव्यात निजामी संपली, माणसं परतली. पुढच्या वर्षी भावानं इरम्माला अक्कलकोटला नेलं. तिथल्या भरल्या घरात आल्यागेल्या बायका विचारायच्या, "रझाकारांच्या दिवसांत तुमी गावात एकट्या कशा राहिलात वो?"

"एकटी कुठं? हे होते की," ती म्हणायची, आणि उठून आत जायची.