वाकड्या दस्त्याचा अक्रोड

माझी सगळी नोकरी एका विमा कंपनीत दावे तपासण्यात गेली. गोदामाला आग लागली म्हणून कुणी रडत आला, की मी आधी आग लागण्यापूर्वी त्याने गोदामातून काय हलवलं ते विचारायचो. अशा माणसाला संशय घ्यायला कारण लागत नाही, सवय पुरते. पण माझा सगळ्यात जुना संशय नोकरीच्या आधीचा आहे, आणि तो माझ्या वडिलांवर होता.

लालबागच्या आमच्या चाळीतल्या खोलीत एक दुनळी बंदूक होती. विलायती बनावटीची, बाजूच्या पोलादावर बारीक वेलबुट्टी कोरलेली. अशी वस्तू बंगल्याच्या दिवाणखान्यात शोभते. आमच्याकडे ती लोखंडी खाटेखाली गोणपाटात गुंडाळून ठेवलेली असे. वडील गिरणीत मागावर कामाला, आई दहा-बारा गिरणी कामगारांची खानावळ चालवायची. त्या घरात ही बंदूक आली कशी?

कागद पक्का होता. परवाना होता, आणि गिरणीच्या मालकाने बंदूक स्वखुशीने दिल्याची सहीही होती. चाळीचं म्हणणं मात्र वेगळं होतं. मालक म्हातारपणी भ्रमिष्ट झाला होता, बंगल्यातलं सामान हलवायला गिरणीतली माणसं नेली होती, त्यात माझे वडील होते, आणि त्यांनी गोड बोलून म्हाताऱ्याची सही घेतली. चाळीला त्यात वाईट काहीच वाटत नव्हतं. मालकाला गंडवणारा माणूस गिरणगावात चोर ठरत नसे, त्याला चहा पाजत. वडील ही कथा ऐकून घेत आणि गालातल्या गालात हसत. त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. मला मात्र लाज वाटायची. डोकं ठिकाणावर नसलेल्या माणसाची सही घेणारे लोक मी पुढे कामावर पुष्कळ पाहिले, आणि दर वेळी मला आमची खाट आठवायची.

ही कथा सगळ्यात रंगवून सांगायचे ते शेजारचे काका. वडिलांचे जिवाभावाचे मित्र, गिरणीच्या सुतारखात्यात होते आणि युनियनचे खंदे कार्यकर्ते. मी लहान असताना मागाचा धोटा उडून वडिलांचा उजवा डोळा गेला, तेव्हा भरपाईसाठी काकाच उभे राहिले. दारोदार वर्गणी जमवली, वकील गाठला. ऐनवेळी वडिलांनीच सांगितलं, की डोळा आधीपासून अधू होता. केस तिथेच बसली. काकांना चार लोकांनी नाही नाही ते ऐकवलं, पण मित्राचा शब्द म्हणून त्यांनी तो खरा धरला. चाळ पाडून टॉवर झाला तरी आमची आणि काकांची दारं समोरासमोरच राहिली.

वडील गेले, तशी बंदूक नियमाप्रमाणे एका परवानाधारक दुकानदाराकडे जमा केली. मग वारस म्हणून परवाना माझ्या नावावर करायचा, तर चौकशीला हवालदार आला. त्याने काकांना विचारलं, घर कसं आहे? मालकाला गंडवल्याची गोष्ट जन्मभर सांगणारे काका हात जोडून म्हणाले, "देवमाणसाचं घर साहेब!" मी दाराआडून ऐकत होतो. हसू आलं, आणि हा माणूस इतकं सहज खोटं बोलतो तर आणखी काय काय बोलला असेल, असंही मनात आलं.

बंदूक परत मिळाली तेव्हा दस्ता, म्हणजे खांद्याला लागतो तो लाकडी भाग, मुठीजवळ चिरलेला होता. दुकानात कुणीतरी पाडली असणार, असं मी धरून चाललो. दुकानदार म्हणाला, वर्षानुवर्षं तेल मुरून लाकूड मऊ झालंय, नवा दस्ता करून घ्या. दस्ता नाहीतरी विचित्रच होता. मुठीपासून एका बाजूला चांगला वळलेला. काका हात न लावता, लांबूनच बघून म्हणत, "फुकटच्या मालाक खोट आसताच." मी ठरवलं, चांगल्या अक्रोडाचा सरळ दस्ता बसवायचा आणि एखाद्या परवानेवाल्याला रीतसर विकून टाकायची. घरातून ही बला एकदाची जाऊ दे.

दस्ते करणारा कारागीर गिरगावात एका वाडीत, जुन्या ख्रिस्ती घराच्या माळ्यावर काम करायचा. लाकडातलं कळतं म्हणून काका माझ्याबरोबर आले. सुतार आणि सुतार एकत्र आले की गिऱ्हाईक कापलं जातं, हे मला ठाऊक होतं, म्हणून मी दोघांवरही नजर ठेवून होतो.

कारागिराने अक्रोडाचे तीन तुकडे बाकावर मांडले. दस्त्याच्या ढोबळ आकाराचे, दोन्ही टोकांना मेण फासलेले. कोरडे होते तेव्हा तिन्ही सारखेच मातकट दिसत होते. मग त्याने ओलं फडकं फिरवलं आणि एका तुकड्यावर काळ्या-तपकिरी लाटा अशा उमटल्या की मी दोन पावलं मागे सरकलो. इतकं सुंदर एकाएकी दिसायला लागलं की मी आधी त्यात खोट शोधतो.

"रंग दिलाय का?" मी विचारलं.

"नखाने खरवडा," तो म्हणाला.

मी खरवडलं. नख स्वच्छ निघालं. मग वास घेतला, तुकडा हातात तोलला, उलटा करून बघितला. शिसवाचं लाकूड अक्रोड म्हणून खपवतात, असं कुठंतरी ऐकलं होतं, तेही विचारून घेतलं. आई मासळीबाजारात पापलेटाचा कल्ला वर केल्याशिवाय कोळणीशी भावाचं बोलत नसे. मी तिचाच मुलगा.

"लाटा मागे, खांद्याकडे ठीक," कारागीर म्हणाला. "मुठीत मात्र रेषा सरळ पाहिजे. बार झाला की सगळा दणका तिथे बसतो. तिथे रेषा आडवी गेली की दस्ता मोडलाच समजा."

काकांनी तिन्ही तुकडे चष्म्याजवळ नेऊन बघितले आणि कमी नक्षीचा, पण धाग्यासारख्या सरळ रेषांचा एक बाजूला काढला. "ह्यो घे. नक्षी काय चाटूची आसा?" तेवढ्यात त्यांना चहाची तलफ आली, आणि ते जिना उतरून कोपऱ्यावरच्या टपरीवर गेले.

कारागिराने जुना दस्ता दोरीने आवळून बंदूक माझ्या हातात दिली. "खांद्याला लावा. माप घेतो." मी लावली. उजव्या डोळ्याने बघतो तर नळ्या भलतीकडेच, डाव्या बाजूला. मी म्हणालो, हा दस्ता वाकून पार वाया गेलाय. त्याच क्षणी पंख्याने भुसा उडाला आणि माझ्या उजव्या डोळ्यात गेला. मी तो डोळा घट्ट मिटला, आणि डाव्या डोळ्यासमोर दोन नळ्यांमधली पट्टी सुतासारखी सरळ आली. पट्टीच्या टोकावरची नेम धरायची माशी बरोबर मधोमध.

"दिसलं?" कारागीर म्हणाला. "वाकलेला नाही हा. मुद्दाम असा केलाय. ज्याचा उजवा डोळा गेलाय पण सवय उजव्या खांद्याची आहे, त्याच्यासाठी असा करतात. लाखात एक. आणि अंदाजाने होत नाही, माणूस समोर उभा करून माप घ्यावं लागतं. कुणाची बंदूक ही?"

मी म्हणालो, "माहीत नाही." सवयीने म्हणालो. दावा तपासणारा पूर्ण माहिती हाती येईपर्यंत तोंड उघडत नाही. पण मनात जुळणी सुरू झाली होती. वडील कुणासमोर तरी उभे राहिले होते, त्यांचं माप घेतलं गेलं होतं. म्हणजे मालकाने शुद्धीवर असताना, सगळं समजून, बंदुकीचा दस्ता खास त्यांच्यासाठी करून घेतला होता. माझ्या बापाने कुणाला लुबाडलं नव्हतं! खाली टपरीवर जाऊन काकांना मिठी मारावी असं वाटलं. मग, नेहमीप्रमाणे, दुसरा प्रश्न आला. गिरणीचा मालक मागावरच्या कामगाराला अशी वस्तू कशाबद्दल देईल?

घरी आई सुपात सोडे, म्हणजे सुकी कोळंबी, निवडत बसली होती. मी सरळ विचारलं, "आई, बाबांचा डोळा आणि ती बंदूक, यांचा काय संबंध?"

मान वर न करता ती म्हणाली, "साहेबान बोलावन घेतल्यान. तो म्हणालो, केस करू नको. पैशे देऊक लागलो, ते तुझ्या बापाशीन घेतल्यान नाय."

"मग बंदूक का घेतली?"

"ती तेका हवी होती." साहेब, म्हणजे गिरणीचा मालक, शिकारीला जाई तेव्हा रान उठवायला वडिलांना नेत असे, हे मला ठाऊक होतं. बंदूक वडिलांच्या खांद्यावर असायची आणि साहेबाने दोनदा त्यांना बार काढू दिला होता, हे ठाऊक नव्हतं. आई म्हणाली, "ताच तेच्या डोक्यात बसला. बंदूक चार वर्सां बंगल्यातच ठेवल्यान. गावभर बोंब नको म्हणान."

"आणि तो भ्रमिष्ट म्हातारा? ती सही?"

"ता तुझ्या बापाशीनच उठवल्यान. मालकान दिली म्हटल्यार मालकाचो माणूस म्हणतले. गंडवली म्हटल्यार लोक हसतले." तिने सूप खाली ठेवलं. "तुझो काका वर्गणीसाठी कोणाच्या दारात गेलो नाय, सांग. तेका कळला तर तो जिवंतपणी मरात."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. त्या केसचे पैसे आले असते तर आईला पहाटे उठून परक्यांच्या भाकऱ्या थापाव्या लागल्या नसत्या. एका डोळ्याच्या बदल्यात माणसाने काय मागितलं, तर नेम धरायची बंदूक! आणि त्या साहेबाने तरी काय केलं, डोळा गेला तर दस्ता वाकवून दिला. म्हणजे हिशेब मिटला. इतकी वर्षं मी वडिलांवर घेतलेला संशय खोटा ठरला होता, आणि खरं निघालं ते त्याहून वाईट होतं. त्यांनी मालकाला गंडवलं नव्हतं. आपल्याच माणसांना गंडवलं होतं.

तरीही रात्रभर एकच गोष्ट मनात येत राहिली, ती म्हणजे दस्ता होता तसाच करून घ्यावा. वडिलांच्या अंगाच्या मापाची तेवढीच एक वस्तू घरात उरली होती. विकायचा विचार कधी गळून पडला ते कळलंच नाही. मी कारागिराला फोन करून विचारलं, जुन्यासारखा वळलेला दस्ता होईल का? तो म्हणाला, बघतो, त्याला वेगळं लाकूड लागतं.

ठरल्या दिवशी मी गुपचूप निघालो, पण लिफ्टपाशी काका टोपी घालून उभे. "माका सोडून लाकूड घेतलंस तर फसशील." त्यांना टाळायला एकही कारण सुचलं नाही. गिरगावापर्यंत टॅक्सीत मी त्यांच्याकडे चोरून बघत होतो. आईने तर काही सांगितलं नसेल?

कारागीर खुशीत होता. त्याने एक नवाच तुकडा पुढे केला. बुंध्याच्या खालचा, मुळाजवळचा. त्याची रेषाच मुठीपाशी हळूच एका बाजूला वळत होती. "असा तुकडा कुणी घेत नाही, वाकडा म्हणून टाकून देतात," तो म्हणाला. "पण तुमच्या दस्त्याला हाच पाहिजे. सरळ लाकडातून वळण कापलं तर रेषा तुटेल, यात रेषा वळणाबरोबर जाते. मग, कळलं का कुणासाठी केला होता तो?"

"वाकडो कित्याक होयो?" काकांनी विचारलं, आणि बाकावरचा जुना दस्ता उचलला.

"नाही कळलं," मी घाईने म्हणालो. "दमट हवेने वाकला असेल."

काकांनी दस्त्याच्या वळणावरून अंगठा फिरवला. एकदा मुठीकडून मागे, एकदा मागून मुठीकडे. मुरलेला अक्रोड असा वाकत नाही, म्हणून तर तो बंदुकीला लावतात, आणि आपणहून वाकलेलं लाकूड आणि तासून वळवलेलं लाकूड यातला फरक त्यांना डोळे मिटूनही कळला असता. त्यांनी दस्ता आपल्या उजव्या खांद्याला टेकवला, गाल लावला, आणि क्षणभराने उजवा डोळा मिटला. मी कारागिराकडे बघून मान हलवली, गप्प राहा म्हणून.

काकांनी दस्ता खाली ठेवला. "होय," ते म्हणाले. "मुंबईची हवा. वाकता लाकूड."

मग त्यांनी परवाचा, सरळ रेषांचा तुकडा शोधून काढला आणि माझ्यापुढे ठेवला. मी वळणाच्या तुकड्याकडे बघितलं. तो घेतला असता तर वडिलांचं माप घरात राहिलं असतं, आणि समोरच्या दारातल्या काकांना ते रोज आठवत राहिलं असतं. मी सरळ तुकड्यावर हात ठेवला. कारागिराने खांदे उडवले आणि पेन्सिलीने त्यावर खूण केली.

जिना उतरताना काकांनी माझा दंड धरला. गुडघे दुखतात म्हणून धरला असेल असं मला वाटलं, पण ते मधल्या पायरीवर थांबले.

"तुझ्या आवशीक ठावक आसा?"

"हो. आईनेच सांगितलं."

"मगे माका कळला म्हणान तिका सांगू नको," ते म्हणाले. "इतकी वर्सां जेवलंय तिच्या हातचा. माका तोंड दाखवूक तिका लाज वाटात."

मी सांगितलं नाही. आई अजून रविवारी काकांसाठी वाटीभर माशाचं तिखलं झाकून ठेवते, आणि ते ती वाटी धुऊन परत देतात.