एकाच घरातून दोन उमेदवार

शकुंतलाबाईंची आणि माझी ओळख त्यांच्या खाणावळीत झाली. मूल गावाहून बदली होऊन मी या गावच्या शाळेत शिक्षक म्हणून आलो, तेव्हा एकटाच राहत होतो. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारले, "भात तसाच टाकून काऊन उठून राह्यले, भाऊ?" मला ताप होता. पुढे बरा होईपर्यंत माझ्या खोलीवर तांदळाची पेज येत राहिली. तिचा उल्लेख त्यांनी नंतर कधी केला नाही.

त्यांची खाणावळ आठवडी बाजाराला लागून आहे. धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गावांहून येणाऱ्या बायका तिच्यासमोरच्या मोकळ्या जागेत चारोळी, हिरडा, बांबूच्या टोपल्या घेऊन बसतात. पाणी मागायला, लेकरू निजवायला त्या हक्काने आत येतात. कामापुरती गोंडी बाई त्यांच्याकडूनच शिकल्या.

नगरपंचायतीची निवडणूक आली आणि आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. एका पक्षाची मंडळी बाईंच्या घरी तिकीट घेऊन आली. मीही तिथे बसलो होतो. बाजाराच्या जागेवर दुकानांचे गाळे बांधायचे ठरत होते, त्यातला एक बाईंना देऊ, असेही सांगण्यात आले.

बाईंनी एवढेच विचारले, "मंग त्या बायका कुठी बसतीन?"

"बसस्टँडच्या पलीकडे. ते वरून ठरलं हाये, बाई. तुम्ही त्याच्यात नका पडू."

"तिकडं गिऱ्हाईक कोन जाईन? तुमचं तिकीट मले नाई जमत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी अपक्ष अर्ज भरला. सूचक म्हणून सही करायला मी गेलो. पक्षाचे तिकीट त्यांच्या धाकट्या जाऊबाई कमलबाईंना मिळाले. घर एक, स्वयंपाकघर एक. दीर बाईंशी बोलेनासे झाले. खाणावळीतली नेहमीची पाने कमी झाली. पहाटे दोघी जावा मिळून स्वयंपाक उरकत आणि एकाच दारातून बाहेर पडून दोन दिशांना प्रचाराला जात.

घरात अवघड होत नाही का, असे मी एकदा विचारले. बाई भाजी निवडत होत्या. "दिराचं बोलनं बंद हाये, भाऊ, जेवन नाई. भात एकाच गंजात शिजते." मग म्हणाल्या, "कमल रडते. त्याचं मात्र लई वाईट वाटते."

बाई थोड्या मतांनी निवडून आल्या. मोजणीच्या ठिकाणी बाहेर आम्ही गुलाल आणि डफडेवाले घेऊन उभे होतो. बाई बाहेर आल्या त्या कमलबाईंचा हात धरून. गुलाल पाहताच त्यांनी मान हलवली. "घरातली एक हारली हाये. गुलाल कसा लावू?" दोघी पायीच घरी गेल्या. डफडेवाल्यांना आम्ही चहा पाजून परत पाठवले.

सभागृहात त्यांच्या बाजूला कोणी नव्हते. पहिल्या बैठकीत त्यांनी बाजाराचा प्रश्न मांडला, तेव्हा विषय पुढे ढकलला गेला. प्रत्येक बैठकीत त्या तो पुन्हा मांडत राहिल्या. अखेर अर्ध्या जागेवर गाळे उभे राहिले, उरलेली अर्धी मोकळी राहिली. बाई याला विजय म्हणत नाहीत. बायका मात्र आजही त्या अर्ध्या जागेत बसतात.

मुदत संपल्यावर त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. दीर आता बोलतात, तेही कामापुरते.

बाईंच्या साठीनिमित्त हा गौरवग्रंथ काढायचा ठरला, तेव्हा मला लिहायला सांगायला कमलबाई स्वतः आल्या. म्हणाल्या, "जाऊबाईबद्दल खरं खरं लिवजा, भाऊ. मी हारली, तेही लिवजा."

म्हणून लिहिले. शकुंतलाबाईंना उदंड आयुष्य आणि ठणठणीत प्रकृती लाभो. आणि त्या घरातल्या दोघी जावा अशाच, एकमेकींच्या शेजारी बसून, म्हाताऱ्या होवोत.