जिराफाची मान

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, बहात्तरच्या सुमारास नगरच्या एका छापखान्यात एका जिराफाची हत्या झाली. आज शेजाऱ्याने रॉकेलने सायकलची साखळी पुसली आणि त्या वासाने मी थेट तिथल्या, रॉकेलनेच शाई पुसायच्या छपाईच्या मशीनजवळ जाऊन उभी राहिले.

लहान मुलांच्या पुस्तकासाठी तो जिराफ मीच काढला होता. त्याचा छपाईचा ठसा, म्हणजे जस्ताचा ब्लॉक, पानापेक्षा उंच भरला. मग छापखान्याच्या मालकांनी, अण्णांनी काय करावं? करवतीने मानेचा मधला तुकडा काढला आणि डोकं खाली आणून जोडलं! ओल्या शाईतून एक ठिपक्यांची शेळी माझ्याकडे बघत होती.

अण्णा म्हणाले, "कशाला तापता, ताई? पुस्तक जानार जामखेडकडच्या शाळांत. तिथल्या पोरांनी कुठं जिराफ बगितलाय?"

आता मी हा किस्सा हातवारे करून सांगते, लोक पोट धरून हसतात. माझा राग मात्र अजून उतरलेला नाही. बघितला नव्हता म्हणूनच तर! त्या पोरांना कदाचित हा एकच जिराफ भेटणार होता.

इतकं शहाणपणाचं तेव्हा कुठलं सुचायला? मशीनच्या खडखडाटावरून मी ओरडले, "अण्णा, तुमची पण मधली मान काढू या, मग बघू घरी कोण ओळखतंय!"