पलीकडच्या टोकापासून

पहिल्याच फटक्यात रंधा भरकटला आणि सासऱ्यांच्या जेवणाच्या पाटावर वाकडा ओरखडा उमटला. ते गेल्यापासून बायको त्यांच्याविषयी अवाक्षर काढत नव्हती, म्हणून त्या पाटाच्या फळीचा सरकत्या झाकणाचा डबा तिला करून द्यायची मला हुक्की आली होती. झाकणासाठी खाच पाडताना रंधा आपल्या बाजूने लावायचा नसतो, पलीकडच्या टोकाला थोडं कापून मागेमागे येत जायचं असतं, हे मागाहून कळलं. माणसाच्या दुःखाशीही मी असाच आपल्या बाजूने भिडतो. समजुतीची चार वाक्यं ढकलतो आणि ओरखडा काढून बसतो. वरमून मी फळी तिच्यापुढे धरली. तिने ओरखड्यावरून बोट फिरवलं. म्हणाली, “बाबा असते तर म्हणाले असते, जावईबापू, राहू द्या ते, आधी जेवून घ्या.”