पत्रे परत पाठवले त्या वर्षी

२०२० च्या जूनमधल्या चक्रीवादळात आमच्या प्रार्थनामंदिराचे पत्रे उडाले. एक वाडीतल्या माडाला अडकला, बाकीचे कुठे गेले कळलंच नाही. दिवेआगरजवळ आमचं गाव. ख्रिस्ती घरं मोजकीच, पण आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, आजोबांच्या पिढीपासूनची. मी शाळेत शिकवते आणि मंडळीची सेक्रेटरी आहे. पाळक गावातलेच, आठवडाभर सुपारीच्या वाडीत राबतात, रविवारी उपदेश करतात.

कोरोनामुळे जमायला बंदीच होती, पण चिऱ्याच्या भिंती भिजत होत्या. अशात शहरातल्या एका मोठ्या चर्चचा ट्रक आला. कोरे पत्रे, शिवाय तांदूळ आणि औषधं. आम्ही सगळं उतरवून घेतलं, आभार मानले. मग त्यांच्या प्रमुखांनी एक कागद पुढे केला. यापुढे आमची मंडळी त्यांची शाखा, इमारत त्यांच्या ट्रस्टकडे, पाळक ते पाठवणार. खाली आणखी एक ओळ होती : बायकांनी पुढे उभं राहून शास्त्रवाचन करू नये.

उपासनेतलं ते बायबलचं वाचन कित्येक वर्षं मी करत होते.

पाळकांच्या घराचंही छप्पर गेलं होतं. हळूच म्हणाले, "बाई, पावसाळा तोंडावर आलाय."

"दिसतंय मला. तरी सही करणार नाही."

प्रमुख समजुतीने बोलले, "ताई, हट्ट कशाला? आपण सगळे एकाच प्रभूचे ना?"

"म्हणूनच विचारते. एकाच प्रभूचे असू, तर कागद कशाला हवा?"

तांदूळ आणि औषधं आम्ही ठेवून घेतली, घराघरात गरज होती. पत्रे मात्र मी स्वतः उचलून ट्रकात चढवायला लागले. थोड्या वेळाने पाळकांनी येऊन दुसरं टोक धरलं. त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

पावसाळा ताडपत्रीखाली काढला. लोक बोलले, बाईंच्या मानापायी मंडळी उघड्यावर पडली. वाईट वाटलं. पस्तावा झाला नाही.

दिवाळीनंतर तळा गावाकडच्या एका छोट्या मंडळीची माणसं आली. त्यांचं आमचं कधी पटलं नव्हतं. आम्ही तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा करतो. ते जाणत्या माणसालाच देतात, तोही नदीत बुडवून. त्यांच्यातली वयस्कर बाई पुढे होऊन म्हणाली, "जुनी कौलं हायेत, वासे हायेत, हातबी हायेत. चालंल का?"

मी सावधपणे विचारलं, "अट काय?"

"दुपारचं जेवाण घाला."

पाच दिवसांत छप्पर उभं राहिलं. रोज जेवताना बाप्तिस्म्यावरून वाद व्हायचा. कुणीच मागे हटलं नाही, आणि जेवण झालं की सगळे पुन्हा वासे उचलायला जायचे.

दोन वर्षांनी त्यांनी प्रार्थनेसाठी खोली बांधायला काढली आणि आमची मदत मागितली. कमिटीत एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "जाऊ या. पण निदान त्यांची उपासना तरी आपल्या पद्धतीने व्हावी." बऱ्याच माना डोलल्या. मला संतापच आला. शहरातल्यांशी भांडणं सोपं होतं. ही माझीच माणसं होती.

उभी राहून म्हणाले, "अट घालायची असेल तर ट्रकवाल्यांना आपण उगाच परत पाठवलं."

"मग तुम्ही एकट्याच जा."

"जाते."

पाळक उठून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. शेवटी आम्ही सहा जण गेलो. ते ज्येष्ठ सभासद अजून माझ्याशी बोलत नाहीत. न बोलोत.

तळ्याला दिवसभर आम्ही खोलीच्या पायात दगड भरले. संध्याकाळी तिथेच उपासना झाली. त्यांनी टाळ्या वाजवत, मोठमोठ्याने गायला सुरुवात केली. मला असलं गाणं आवडत नाही. मी हात जोडून उभी राहिले, टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि कुणी वाजवायला सांगितलंही नाही.