पडीक म्हणून लिहिलेला मळा

चाकणच्या वाटेवरच्या गावांची पाहणी करायला नियोजन कार्यालयानं मला धाडलं, तेव्हा मी नुकताच पदवीधर झालो होतो आणि स्वतःला फार शहाणा समजत होतो. पिंपरीत कारखान्यांचे भोंगे वाजू लागले होते. आता विकास पुढच्या खेड्यांत न्यायचा होता. साहेबांनी छापील तक्ते दिले. घरं किती, विहिरी किती, कसदार जमीन किती, पडीक किती. "लोक सांगतील तेच लिहायचं. आपली अक्कल चालवायची नाही," हा त्यांचा दंडक.

यादीत माझं आजोळही होतं. वडील गेल्यावर मामानं मला शिकवलं ते मळ्यातल्या कांद्यावर. त्याच मळ्यात विहिरीपाशी आम्ही बसलो. मामानं वाफ्यातला कांदा उपटला, बुक्कीनं फोडला, मामीची भाकरी पुढे सरकवली. खाता खाता मी विचारलं, "मामा, हा मळा कसा लिहू?"

"पडीक."

मी हसलो.

"हसतुस काय? आज पीक लिवलंस की उद्या सक्तीच्या लेव्हीचं धान्य न्यायला सरकारची मानसं दारात. समद्या गावानं तसंच सांगायचं ठरवलंय."

ठरवायला कशाला हवं होतं? सरकारी कागद दिसला की आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या विहिरी आटतात आणि म्हशी भाकड होतात. तलाठ्याला हे ठाऊक असतं. तो मनातल्या मनात वाढवून घेतो. आमच्या कार्यालयात ही रीत कुणालाच माहीत नव्हती. मला होती. तरी मी तोंडातला कांदा चावत 'पडीक' लिहिलं आणि मामाचा अंगठा घेतला. तक्ते नीटनेटके म्हणून साहेबांनी पाठ थोपटली.

काही वर्षांनी आराखडा आला. त्यात आजोळच्या नावापुढे होतं, 'नापीक क्षेत्र, कारखान्यांना योग्य'. जमिनी घेण्याच्या नोटिसा निघाल्या. मी खाल्ल्या घरचे नुसते वासे मोजले नव्हते, घराखालची जमीनच मोजून दिली होती.

सुनावणीला मामा हिरव्यागार पातीची जुडी घेऊन आला. अधिकाऱ्यानं माझा तक्ता पुढे केला. "अंगठा तुमचाच ना? लिहिणारा कोण होता?"

मी तिथंच, कार्यालयाचे कागद घेऊन त्या अधिकाऱ्याच्या खुर्चीमागे उभा होतो. 'मी लिहिलं, आणि पीक डोळ्यांनी पाहून खोटं लिहिलं,' एवढंच म्हणायचं होतं. नोकरी गेली असती. मळा वाचला असता की नाही, कोण जाणे. पण म्हणायला हवं होतं. त्या गप्प बसण्याची मला आजही किळस येते.

मामानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कुनी परका मानूस व्हता, साहेब. त्याचा दोस न्हाई. म्या सांगितलं तसं लिवलं त्यानं."

मळ्याभोवती कंपनीची भिंत उठली. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी आजोळी गेलो. मामीनं नेहमीसारखी भाकरी वाढली. ताटात कांदा नव्हता. मामाच्या ते ध्यानात आलं. तो उठला, वहाणा पायात घातल्या.

"थांब," म्हणाला, "दुकानातनं घिऊन येतो."